काकांची ओम्नी आणि आमचं चोर-बटण

मेसच्या काकांची पांढरी ओम्नी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. पहाटे साडेपाचला मार्केटमधून कोबी-बटाट्याची पोती घेऊन येते तीच. १९९८ चं मॉडेल, कार्बोरेटरवालं. सरकता दरवाजा आधी किंचित उचलायचा आणि मग ओढायचा, नाहीतर हातात येतो. हिंदी सिनेमात व्हिलनची माणसं हिरॉईनला जिच्यात कोंबून पळवतात ती हीच गाडी, यावरून काकांना पुरेसं चिडवून झालं आहे, तेव्हा तो विषय नको.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मात्र ही गाडीच पळवली गेली. काका मार्केटात टोमॅटोचा भाव करत होते. दहा मिनिटांनी बाहेर येतात तर जागा रिकामी. तिसऱ्या दिवशी ती उसाच्या फडाच्या कडेला उभी सापडली. बॅटरी नाही, स्टेपनी नाही, टेप नाही, स्टेअरिंगचा लॉक मोडलेला. विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे चोरीचा एक रुपया मिळायचा नाही. त्या तीन दिवसांत आपण सलग पाच जेवणं बटाटा खाल्ला होता, सीनियर्सना आठवत असेल. काका आम्हाला म्हणाले, "एवढे इंजिनिअर होताय, माझ्या गाडीला कायतरी करा की रे."

आम्ही केलं. मी इलेक्ट्रिकलचा, रूम पार्टनर मेकॅनिकलचा. (नाव छापू नकोस म्हणालाय, म्हणून इथून पुढे तो नुसता मेकॅनिकलवाला.) आम्ही काय केलं, ते कुठे चुकलं आणि आता काय केलं आहे, एवढाच या लेखाचा विषय आहे. घरी जुनी व्हॅन, जीप, ॲम्बेसिडर असलेल्यांना कदाचित उपयोग होईल.

आधी हे बघू की जुनी व्हॅन चोराला सोपी का जाते. आपल्या देशात ही गाडी १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून आली, १९८८ पासून 'ओम्नी' झाली आणि २०१९ साली बनणं बंद झालं. पस्तीस वर्षं जवळजवळ तीच गाडी. त्यामुळे सुट्या भागांना कायम गिऱ्हाईक. दुसरं म्हणजे किल्ली. या जुन्या कुलपांत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. वीस-पंचवीस वर्षं किल्ली फिरवून त्या इतक्या झिजतात की आपल्या कुलपाला आपलीच किल्ली लागते असं उरत नाही. काकांची ओम्नी मेकॅनिकलवाल्याच्या घरच्या स्टीलच्या कपाटाच्या किल्लीने चालू झाली होती. आम्ही हसलो, काका हसले नाहीत.

नव्या गाडीत किल्लीच्या डोक्यात एक चिप असते. तिला बॅटरी नसते. कुलपाभोवती एक कॉईल असते, ती चिपला बाहेरून ऊर्जा देते आणि चिप आपला कोड सांगते. कोड जुळला तरच इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल आणि ठिणगी सोडतो. याला इमोबिलायझर म्हणतात. ऑक्टोबर १९९८ पासून युरोपात नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. म्हणजे काकांची व्हॅन कारखान्यातून बाहेर पडली त्याच वर्षी. पण कार्बोरेटरच्या गाडीत कॉम्प्युटरच नाही, तर कोड विचारणार कोण? म्हणून आपल्याला जुन्या पद्धतीनं जावं लागतं. कुठली तरी वायर तोडायची आणि तोडलेली जागा लपवायची.

मराठीत चोरखिसा, चोरकप्पा, चोरदरवाजा असे शब्द आहेत. खिसा चोराचा नसतो, चोरापासून लपवलेला असतो. त्याच चालीवर आम्ही आमच्या स्विचला चोर-बटण म्हणायला लागलो.

पेट्रोल इंजिन चालू व्हायला तीन गोष्टी लागतात. सेल्फने फिरवणं, पेट्रोल आणि ठिणगी. यातली कुठलीही एक काढली की गाडी जागची हलत नाही, असं आम्हाला वाटलं. आम्ही ठिणगी निवडली, कारण सगळ्या गॅरेजवाल्यांनी तेच सांगितलं आणि ते सर्वांत सोपं होतं. किल्लीकडून इग्निशन कॉईलला जी प्लसची वायर जाते ती मधेच तोडून दोन टोकं डॅशबोर्डखाली आणली आणि तिथे एक बटण लावलं. बटण बंद असलं की सेल्फ फिरतो, इंजिन खोकतसुद्धा नाही. चोराला वाटतं गाडी बिघडलीय. खर्च चाळीस रुपये. काकांनी आम्हाला त्या रविवारी जास्तीची बासुंदी वाढली.

बासुंदी पचायच्या आत तक्रारी सुरू झाल्या. पहाटे गाडी लवकर चालू होईना. याचं कारण आम्हाला थर्ड इयरला शिकवलेलं होतं, फक्त गाडीत ते ओळखू आलं नाही. समजा कॉईलच्या प्रायमरीचा रोध ३ ओहम आहे. आम्ही वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळली होती, आणि बटण घरातल्या दिव्याचं. दोन्ही मिळून ०.२ ओहम धरा. पहाटे थंडीत सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ व्होल्टपर्यंत खाली येते. आमच्या करामतीशिवाय प्रवाह ३.१७ अँपिअर, करामतीसह २.९७. फरक किरकोळ वाटतो. पण कॉईलमध्ये साठणारी ऊर्जा म्हणजे अर्धा एल आय वर्ग. प्रवाहाचा वर्ग होतो, म्हणजे ठिणगीची सुमारे १२ टक्के ऊर्जा आमच्या पिळलेल्या जोडात गेली. आधीच झिजलेले पॉइंट, काळे पडलेले प्लग, त्यात हे. व्हॅनचा काय दोष?

घरातलं बटण हीसुद्धा चूकच. त्याच्यावर ६ अँपिअर लिहिलेलं असतं ते एसीसाठी. एसीमध्ये प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, त्यामुळे बटणातली ठिणगी आपोआप विझते. डीसीत ते होत नाही, वर कॉईल म्हणजे इंडक्टर, तो प्रवाह सोडायला तयार नसतो. दोन महिन्यांनी आम्ही ते बटण उघडलं तेव्हा आतल्या टिकल्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते.

याच काळात आम्ही एक भोंगाही बसवला होता. सरकता दरवाजा उघडला की वाजेल असा. दरवाजा मुळातच सैल, वारा आला की हलायचा. पी.एल. मध्ये रात्री तीनला भोंगा वाजला आणि सी विंग खाली उतरली, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. चौथ्या दिवशी आम्ही तो काढला. पण त्या भोंग्याने एक चांगलं काम केलं. मशीन्स लॅबचे सर सकाळी गाडी बघायला आले, बॅटरीवरून थेट घेतलेली आमची वायर त्यांनी बोटावर उचलली आणि एकच प्रश्न विचारला, "फ्यूज कुठंय?"

फ्यूज नव्हता. सर पुढे काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले, ते जास्त लागलं. वायर पत्र्याच्या धारेवरून गेलेली, खाली रबरी बुश नाही, गाडी दिवसभर हादरणार. कधीतरी इन्सुलेशन कापलं जाणार आणि उघडी वायर बॉडीला टेकणार. गाडीची बॅटरी लहान दिसते, पण शॉर्टमध्ये ती शेकडो अँपिअर देऊ शकते. १ चौरस मिलिमीटरची वायर त्यात लाल होते. आणि ओम्नीत इंजिन कुठे आहे? पुढच्या सीटच्या खाली. म्हणजे काका त्याच्यावर बसलेले. चोरी परवडली. तेव्हा ज्याला यातलं काहीही करायचं आहे त्याने बॅटरीवरून निघणाऱ्या प्रत्येक वायरला, बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज घालायचा. आधी फ्यूज, मग बाकीची अक्कल.

आता जानेवारीतल्या रात्रीविषयी.

रात्री पावणेदोनला बी विंगमधल्या एका सेकंड इयरच्या मुलाच्या पोटात असह्य दुखायला लागलं. संध्याकाळपासून दुखतच होतं, पण 'मेसचं खाल्लंय' म्हणून सगळ्यांनी चेष्टेवारी नेलं होतं. आता तो वळवळत होता, ताप होता, उजवीकडे हात लावू देत नव्हता. ॲम्ब्युलन्सला फोन केला, पण ती यायला अर्धा-पाऊण तास तरी लागणार होता. हॉस्टेल गावाबाहेर, त्या वेळी रिक्षा मिळत नाही. रेक्टर सरांकडे स्कूटर, त्याला स्कूटरवर बसवणं शक्य नव्हतं. समोर काकांची ओम्नी उभी, आणि किल्ली मेसच्या खिळ्याला. काका भाचीच्या लग्नाला गावी गेलेले.

मेकॅनिकलवाल्याने किल्ली फिरवली. सेल्फ फिरला. इंजिन गप्प.

"बटण दाब," मी म्हणालो. त्याने डॅशबोर्डखाली हात घातला. तिथे बटण नव्हतं. दिवाळीत काकांनी गावातल्या गॅरेजवाल्याकडून ते दुसरीकडे हलवलं होतं, कारण रोज वाकून त्यांची कंबर दुखायची. कुठे हलवलं हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही असं आम्हीच त्यांना बजावलं होतं. काकांचा फोन लागत नव्हता. तिसावर पोरं व्हॅनभोवती उभी, मागच्या सीटवर तो पोरगा कण्हतोय, आणि ज्यांनी ही गाडी 'चोरीप्रूफ' केली ते दोघं टॉर्च घेऊन सीटखाली उलटे.

कोणीतरी म्हणालं, धक्का मारा. तीस जण मारायला तयार होते. पण धक्क्याचा उपयोग सेल्फ चालत नसेल तेव्हा. आमचा सेल्फ ठणठणीत होता, ठिणगीच नव्हती. गाडी ढकलत गावापर्यंत नेली असती तरी ती चालू झाली नसती.

शेवटी बटण सापडलं ते आमच्या कामाच्या गबाळेपणामुळे. कंपनीच्या वायरिंगमध्ये आमची घरगुती लालभडक वायर उठून दिसत होती. कॉईलपासून तिच्या मागे मागे गेलो. पुढे गॅरेजवाल्याने तिला पिवळी वायर जोडलेली, ती मॅटखालून मागे, आणि जॅक-पान्याच्या पिशवीमागे बटण. शोधायला लागल्यापासून घड्याळाने नऊ मिनिटं. सव्वादोनला दवाखान्यात पोचलो. अपेंडिक्स. पहाटे ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असतात तर फुटलं असतं.

दवाखान्याच्या बाकावर बसून मेकॅनिकलवाला मला म्हणाला, "आपल्याला नऊ मिनिटं लागली ना? मग चोराला किती लागतील?" हा प्रश्न दोन्ही बाजूंनी कापतो. उसाच्या फडाजवळ निवांत बसलेल्या चोराला नऊ मिनिटं म्हणजे काहीच नाही. आणि हॉस्टेलसमोर तीच नऊ मिनिटं आम्हाला संपता संपत नव्हती. आमचं बटण चोरापेक्षा आम्हालाच जास्त अडवत होतं.

त्यानंतर आम्ही पुन्हा कागद घेऊन बसलो. या वेळी प्रत्येक उपायाला दोन प्रश्न विचारले. हा उपाय स्वतःच बिघडला तर गाडीचं काय होईल? आणि गाडी चालू असताना बिघडला तर?

ठिणगीची वायर तोडण्याचा उपाय दुसऱ्या प्रश्नावरच नापास. बटण हादऱ्याने सैल झालं की चालती गाडी बंद पडणार, मग ते रेल्वे फाटकात असो की घाटाच्या वळणावर. याचा उलटा उपाय काही गॅरेजवाले करतात, पॉइंटची वायर बटणाने बॉडीला अर्थ करायची. यात वायर तुटली तर गाडी चालू राहते, हे चांगलं. पण बटण दाबून किल्ली चालू ठेवली तर कॉईलमधून प्रवाह सतत वाहतो. १२ व्होल्ट, ३ ओहम, म्हणजे ४८ वॅट. चोर वैतागून किल्ली तशीच सोडून गेला की सकाळी कॉईल जळालेली. शिवाय तेच बटण चालत्या गाडीत चुकून दाबलं गेलं तर इंजिन बंद पडणारच.

पेट्रोलच्या नळीत कॉक बसवायचा विचार मेकॅनिकलवाल्याला फार आवडला होता. पण कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये थोडं पेट्रोल उरतंच. समजा ४० मिलिलिटर. लिटरला १५ किलोमीटर धरले तर गाडी ६०० मीटर जाते आणि मग रस्त्याच्या मध्ये बंद पडते. चोर बसलेला असो वा काका. त्यात नळीचे दोन नवे जोड, गरम इंजिनाशेजारी, सीटखाली. सरांचा चेहरा आठवला आणि कागदावर फुली मारली.

उरला सेल्फ. किल्लीकडून सेल्फला जाणारी बारीक वायर तोडली तर गाडी चालू असताना काहीही बिघडो, इंजिनला पत्ताही लागत नाही, कारण सेल्फचं काम केव्हाच झालेलं असतं. आम्ही आधी हा उपाय हसण्यावारी नेला होता. का, तर धक्का मारला की गाडी चालू होते. ओम्नीचं वजन पावणेआठशे-आठशे किलो. रोलिंग रेझिस्टन्सचा गुणक ०.०१५ धरला तर सपाट रस्त्यावर तिला हलती ठेवायला सुमारे ११८ न्यूटन पुरतात, म्हणजे बारा किलोच्या आसपासचा जोर. सेकंड गिअरमध्ये क्लच सोडताना जास्त लागेल, पण दोन माणसं पुरे. मग याला कुलूप म्हणायचं कसं?

आणि इथेच आम्हाला ती रात्र आठवली. गाडीभोवती तीस पोरं होती! सेल्फ बंद असता तर बटण शोधायची गरजच नव्हती. एका मिनिटात व्हॅन गेटबाहेर पडली असती. ज्याला आम्ही या उपायाची खोट समजत होतो ती आमच्या बाबतीत सोय आहे. हॉस्टेलवर माणसं हवी तेवढी असतात. मार्केटात भरदिवसा चोराला चार जणांना 'जरा धक्का द्या हो' म्हणणं अवघड आहे. अगदीच अशक्य नाही, आपली माणसं लगेच धक्का देतात, म्हणून मार्केटसाठी लोखंडी उपाय वेगळा केला.

सेल्फच्या वायरीत रिले घातला. बाजारात मिळणाऱ्या साध्या १२ व्होल्टच्या रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात, ते जर्मन मानकातून आले आहेत. ३० आणि ८७ मधून सेल्फची वायर, ८६ ला किल्लीचा प्लस, आणि ८५ चोर-बटणातून बॉडीला. रिलेच्या कॉईलचा रोध ८० ओहमच्या आसपास, म्हणजे बटणातून फक्त दीडशे मिलिअँपिअर. त्यामुळे बटण लहान चालतं, वायर बारीक चालते, आणि बारीक वायर लपते. या वेळी वायर काळी घेतली, कंपनीच्या वायरींच्या जुडग्यातूनच नेली, वरून कापडी टेप. जोड सोल्डर केले. फ्यूज घातला. सरांना दाखवला.

लोखंडी उपाय मेकॅनिकलवाल्याचा. पाइपात सरकणारा १२ एमएमचा रॉड, दोन्हीच्या टोकांना हूक. एक हूक क्लचच्या पेडलला, दुसरा स्टेअरिंगच्या खालच्या कडेला. दोन्हींत आरपार भोक, त्यात कुलूप. पेडल दाबता येत नाही, स्टेअरिंग वळत नाही. वर्कशॉपमध्ये तुकड्यांतून केला, खर्च फक्त कुलपाचा. एम.एस. रॉड हॅक-सॉने काही मिनिटांत कापला जातो (फर्स्ट इयरला आपल्याला अख्खं प्रॅक्टिकल लागतं ते सोडा). पण रॉड काचेतून दिसतो. चोराला रॉड नसलेली गाडी शेजारी मिळाली की तो तिकडे जातो. यात शेजाऱ्याचं काय, असा प्रश्न काकांनी विचारला. त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. एक मात्र सांभाळायचं. काढलेला रॉड पायाशी टाकायचा नाही. घरंगळून ब्रेकच्या पेडलखाली गेला तर चोर लागत नाही, आपण स्वतःच पुरतो. काका तो मागे पोत्यांच्या जागी ठेवतात.

आता कोणी म्हणेल, जीपीएस ट्रॅकर लावा. लावा. स्वस्त झालेत. पण ट्रॅकर गाडी थांबवत नाही, कुठे गेली ते सांगतो, आणि त्याच्या सिमचा रिचार्ज संपलाय हे चोरी झाल्यावर कळतं. आणि काकांसारखा थर्ड पार्टीवर न थांबता ज्याने पूर्ण विमा घेतला आहे त्याने एवढं लक्षात ठेवावं की चोरीविरोधी यंत्रासाठी विम्यात मिळणारी सूट पुण्याच्या ए.आर.ए.आय. ने मान्य केलेल्या यंत्राला असते, आमच्यासारख्यांच्या उद्योगाला नाही.

हॉस्टेलच्या गेटमध्ये वॉचमन असतो, त्यामुळे इथे रॉड लावायचा नाही असं ठरलं आहे. चोर-बटणाची जागा एका कागदावर लिहून पाकीट बंद केलं आणि ते रेक्टर सरांच्या किल्ल्यांच्या कपाटात ठेवलं. पाकिटावर लिहिलं आहे, 'ओम्नी, फक्त अडचणीत उघडणे.' त्याखाली कोणीतरी पेन्सिलने 'नाहीतर धक्का मारा' असं लिहून ठेवलंय.

तो अपेंडिक्सवाला आता थर्ड इयरला आहे. रविवारी कधीकधी काकांबरोबर मार्केटला जातो आणि परत आल्यावर टोमॅटोचे भाव सांगतो. त्याच्याकडूनच काल कळलं की काकांनी बटणाची जागा पुन्हा बदलली आहे. पाकिटातला कागद जुनाच आहे. आज संध्याकाळी जाऊन बदलतो.